खाली बघून बस

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. चौथी शिकलेली बाई मी, चारचौघांत तोंड उघडत नाही — लिहिणार तरी काय? पण तुम्हाला जवळचं समजून लिहिते.

सुमन माझी धाकटी नणंद. पिंगळीचे पाहुणे तिला बघायला येणार होते. चुलीपाशी बसून ती हसत म्हणाली, "वैनी, भाकर थापायलीस का गवरी?" मला बोलून उत्तर देता येत नाही. हाताशी तांब्या होता — फेकला. तिच्या डाव्या डोळ्यावर बसला.

सासूबाई धावत आल्या. सुमनच म्हणाली, "म्हशीनं शिंग मारलं." मी तांब्या उचलून जागेवर ठेवला.

हळद लावली, सूज उतरली. एका सकाळी ती हळूच म्हणाली, "वैनी, वर बघितलं की दोन-दोन दिसायलंय. अन् ह्यो गाल माझा न्हाईच असं वाटायलंय." त्या गालावर माशी बसली होती. तिला पत्ता नव्हता.

मी घाबरले — तिच्या डोळ्यासाठी? नाही. परभणीचा डॉक्टर विचारील, शिंगाचा मार असा असतो का, म्हणून. नामांतराच्या दंगलीत एस.टी. बंद आहे, असं मनाला सांगत राहिले. गाड्या केव्हाच सुरू झाल्या होत्या. तिला म्हणाले, "पाहुण्यांपुढं खाली बघून बस. कुणाला कळणार न्हाई."

बसली. पोरगी लय मर्यादेची हाय, म्हणाले पाहुणे.

लग्नात अंतरपाट सरला. हार घालायला तिनं वर पाहिलं — एक डोळा वर गेला, दुसरा तिथंच राहिला. नवऱ्या मुलाच्या आईच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या.

महिनाभरात तिला परत आणून सोडलं. मग डॉक्टर. डोळ्याच्या खोबणीचं खालचं हाड पापडासारखं पातळ असतं म्हणाले. ते फुटलंय, डोळा फिरवणारा स्नायू फटीत अडकलाय, गालाची शीर चेंबलीय. तेव्हाच आणलं असतं तर सोडवता आला असता. आता तिथंच चिकटलाय.

"कशानं लागलं?"

सुमननं हनुवटी उचलून माझ्याकडं बघितलं. "म्हशीनं," म्हणाली.

ती इथंच असते, माझ्यासमोर. गालावर माशी बसली की मी हाकलते.

"काय हाय, वैनी?"

"काई न्हाई," मी म्हणते.