ड्रिलमधली लाल पूड

आमच्या ह्यांना माझं सगळं माहीत आहे. सातवीच्या परीक्षेत मी शेजारणीचं बघून गणित उतरवलं होतं तेही, आणि सासूबाईंच्या नथीतला मोती माझ्याच हातून हरवला तेही. एवढं एक माहीत नाही. नऊ वर्षं झाली. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणूनच बहुतेक तुम्हाला सांगता येतंय. ओळखीचं माणूस समोर बसलं की मी मधेच चहा ठेवायला उठते आणि विषय तिथेच राहतो.

आधी ड्रिलचं सांगते. टाळत नाहीये हो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि खरं सांगू? ड्रिलचं सांगायला मला आवडतं.

रत्नागिरीहून आरे-वारेला जाताना वाटेत आमची वाडी. घर चिऱ्याचं, म्हणजे आमच्याकडच्या लाल जांभ्या दगडाचं. हे नोकरीमुळे मुंबईत, वर्षातून दोनदा यायचे. मग दार फुगलं, बिजागरी सुटली, तर बाईने कोणाच्या तोंडाकडे बघत बसायचं? वाडीत विश्राम सुतार होता. आमची सगळी दारं-खिडक्या त्याच्या हातच्या. तो काम करायचा आणि मी त्याचा चहा हातात धरून तासन्‌तास बघत उभी राहायची. चहा गार व्हायचा. रंधा कसा धरतो, गिरमिट फिरवताना खांदा कसा टेकवतो, चिऱ्यात खिळा का टिकत नाही — चिरा भुसभुशीत, भोक आपोआप मोठं होतं, म्हणून आधी ऐनाच्या लाकडाची खुंटी ठोकायची आणि मग तिच्यात स्क्रू. हे सगळं मी त्याचं बघून उचललं. त्याने शिकवलं नाही आणि मी विचारलं नाही. आपोआप शिकले, असं मी लोकांना सांगायची. अजून सांगते.

पुढे मी विळी बसवायला लागले, कपाटाचे खण करायला लागले. बायका हाका मारायच्या. आणि गिरमिट फिरवून माझं मनगट दुखायला लागलं, तेव्हा ठरवलं, बॅटरीवरचा ड्रिल घ्यायचा. माझ्या पैशाने. तीन उन्हाळे आंबापोळी घालून साठवलेले होते.

विश्रामभाऊंना सांगितलं तर ते हसले नाहीत, हे मला आठवतंय. बाकी सगळे हसले. माझी जाऊ नलू म्हणाली, "आता दाढी पण ठेव गो." विश्रामभाऊ एवढंच म्हणाले, "वयनी, किंमत सगळेच विचारतात. बिघडला तर जायचं कुठं, ते विचारा."

ते वाक्य घेऊन मी रत्नागिरीच्या बाजारात गेले. दुकानदाराने आधी विचारलं, "मालक नाही आले?" मी म्हटलं, "मालक तुमच्यासमोर उभी आहे." त्याने दोन ड्रिल काढून ठेवले. एक स्वस्त — रंगीत पेटी, आत भोकं पाडायची खंडीभर पाती, स्क्रू, गिट्ट्या, जत्रेतल्या दुकानासारखं सगळं. वॉरंटी सहा महिने. दुसरा जवळजवळ दुप्पट किमतीचा, साध्या खोक्यात, दोनच पाती. वॉरंटी वर्षाची.

आता कोणीही म्हणेल, वर्ष मोठं की सहा महिने मोठे? एवढं सोपं नसतं ते. मासळी घेताना आपण कल्ले उचलून बघतोच ना? मी उचलले. वर्षाची वॉरंटी मोटारीची की बॅटरीचीही? तर बॅटरीची सहाच महिने निघाली. ती देणार कोण, तुम्ही की कंपनी? दुरुस्ती इथे की कोल्हापूरला? स्वस्तवाल्याची दुरुस्ती कुठेच नव्हती; "बदलून देऊ, बघू" असं तो म्हणाला, आणि त्या "बघू"वर मी तो ड्रिल पुन्हा पेटीत घातला. महागवाल्याचं केंद्र रत्नागिरीतच, स्टँडपासून चालत जाण्यासारखं. कार्डावरचं बारीक अक्षर चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. पडला तर नाही. दुसऱ्याने खोलला तर नाही. आत पाणी गेलं तर नाही — तिथे थेंबाचं चित्र आणि त्यावर काट. दुकानदार म्हणाला, "काकी, एवढं कोणी वाचत नाही." मी म्हटलं, "म्हणून तुमचा धंदा चालतो." पावतीवर तारीख आणि कार्डावर शिक्का घेतल्याशिवाय मी पायरी उतरले नाही. महागवाला घेतला.

ते थेंबाचं चित्र लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

गणपतीत त्या ड्रिलने मंडपीचे, म्हणजे मूर्तीच्या वर फळं टांगायच्या चौकटीचे, हूक मी बसवले. घर्रर्र — आणि झालं. वाडी बघायला आली. फळांनी लगडलेली मंडपी वर आणि खाली मी, हातात ड्रिल घेऊन, जणू मूर्तीही मीच घडवली होती. त्यानंतर वाडीत कोणी काहीही घ्यायला निघालं, मिक्सर असो की पंप, की आधी माझ्या पडवीत. "वॉरंटीचं काकीला विचार." मी विचारायची, "बिघडला तर जायचं कुठं?" हे वाक्य कोणाचं, ते कधी सांगितलं नाही. पण हा माझा गुन्हा नव्हे. हा फक्त त्याचा रस्ता.

विश्रामभाऊंनाही तो ड्रिल आवडला होता. हातात घेऊन त्यांनी वजन बघितलं, अगदी लहान पोराला उचलावं तसं. म्हणाले, "दिवाळीत माझ्यासंगं या बाजारात. मलाही असाच घ्यायचा." त्यांचे खांदे दुखायला लागले होते. आणि कामं शहरातले मशीनवाले घेऊन जायला लागले होते — त्यांची चार भोकं होईपर्यंत विश्रामभाऊंचं एक.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा ड्रिल नेला. त्यांच्या विहिरीच्या चिऱ्यात पाइपाच्या पट्ट्या बसवायच्या होत्या. संध्याकाळी परत आणून दिला, पंच्याने पुसून, फटीतली धूळसुद्धा फुंकून काढलेली. दसऱ्याच्या सकाळी मी त्याच ड्रिलने देवघराच्या दाराचा एक स्क्रू आवळला. चालत होता. अगदी नव्यासारखा चालत होता. हे फक्त मला माहीत आहे.

मग मी पूजा मांडली. आमच्याकडे दसऱ्याला सगळी हत्यारं धुऊन पुजतात — कोयता, विळा, पहार, कुदळ. कोयत्याचा मान पहिला असतो. त्या वर्षी तो मी ड्रिलला दिला. पाटावर मधोमध. बॅटरी काढून बाजूला ठेवली, म्हणजे बघा, तेवढं शहाणपण होतं. आणि मग बाकीच्यांवर घातलं तसं त्याच्यावरही पळीने पाणी घातलं. एकदा नाही, तीनदा. कोयत्याला कुंकू चिमूटभर. ड्रिलला मात्र — नवा होता ना! — हळद-कुंकू मी हात सैल सोडून वाहिलं. मोटार ज्या फटींतून श्वास घेते त्या फटी लालपिवळ्या होईपर्यंत. वर झेंडू. नमस्कार केला. इतकी छान दिसत होती पूजा!

दुसऱ्या दिवशी नलूकडे पडद्याची दांडी बसवायची होती. पाच बायका बघत होत्या. मी बटण दाबलं. आत कुठेतरी चर्र झालं, जळका वास आला आणि ड्रिल गप्प.

मला तेव्हाच कळलं होतं का? हो. वास आला त्याच क्षणी कळलं. पळी दिसली डोळ्यांसमोर.

तरी पावती आणि कार्ड घेऊन ताठ मानेने दुकानात गेले. आठ दिवसांनी कंपनीची चिठ्ठी आली. दुकानदाराने ती वाचली आणि विचारलं, "काकी, आत लाल पूड आहे. ओली होऊन मोटारीवर बसलीय. कशात वापरलात?"

काय सोपं होतं हो! "पूजा केली." दोन शब्द. हसला असता तो. पण "एवढं कोणी वाचत नाही" म्हणालेला माणूस तो, आणि त्याच्यासमोर ते थेंबाचं चित्रसुद्धा वाचलेली बाई मी. मी म्हटलं, "आमच्या सुताराने नेला होता. विहिरीच्या चिऱ्यात भोकं पाडायला."

बघा, यात एक शब्द खोटा नाही. तो म्हणाला, "मग झालंच. ओल्या चिऱ्याची धूळ." आणि कोकणात लाल पुडीवर कोण शंका घेणार? आमची जमीन लाल, भिंत लाल, पायही लाल. वॉरंटी मात्र मिळाली नाहीच, पाणी ते पाणी. मग मला मिळालं काय? तोंड मिळालं. वाडीत परत जायला तोंड.

पडवीत नलूने विचारलं, "काय झालं गो?" दुकानात एकदा बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा जीभ अडखळली नाही. "विश्रामभाऊने नेलान होता ना विहिरीवर. ओल्या चिऱ्यात मारलान." संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं.

सकाळी विश्रामभाऊ अंगणात येऊन उभे राहिले. पायरी चढले नाहीत. मला वाटलं, भांडतील. भांडले असते तर? कदाचित मी खरं बोलले असते — नाही, तेही म्हणत नाही. ते म्हणाले, "वयनी, मी पुसून दिलेला. पण ओला होता चिरा, ते खरं. ह्या यंत्रांचं मला कळत नाही. माझ्याच हातून झालं."

मी म्हटलं, "असू दे हो, विश्रामभाऊ."

माफ केलं मी त्यांना. ऐकलंत? मी त्यांना माफ केलं.

दिवाळीत ते बाजारात आले नाहीत. "आपल्या हाताला गिरमिटच बरं," म्हणाले. त्यांनी ड्रिल कधी घेतला नाही. उलट फणसाच्या लाकडाची एक पेटी करून आणली, माझ्या ड्रिलसाठी, नवी मोटार घालून तो परत आला तेव्हा. प्रत्येक पात्याला वेगळी खाच, झाकण इतकं नीट की पाणी ओतलं तरी आत जायचं नाही. "आता ओल लागणार नाही," म्हणाले. आणि वाडीतली भोकं पाडायची कामं हळूहळू माझ्याकडे आली. नारळ देतात, कोणी मासे देतं. मी मागत नाही. पूर्वी ती कामं कोणाची होती, तेही कोणी विचारत नाही.

ड्रिल अजून चालतो. नऊ वर्षं! बॅटरी एकदा बदलली, बस. स्वस्तवाला ज्यांनी घेतला त्यांचे कधीच भंगारात गेले. निवड माझी चुकली नव्हती, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. दसऱ्याला आता तो पेटीतच राहतो. फूल मी पेटीवर वाहते.

परवा गणपतीत मंडपीचा एक हूक सैल झाला. विश्रामभाऊ आलेच होते दर्शनाला. सत्तरीच्या पुढे गेलेत, पण वाशाकडे एक नजर टाकून त्यांना कळलं, भोक कुठे पाडायला हवं. बोटाने दाखवलं. मी पेटी उघडून ड्रिल त्यांच्यापुढे धरला. दर वर्षी धरते. त्यांनी हात मागे घेतले, पाठीशी बांधले. "नको वयनी. तुम्हीच मारा. माझ्या हातून बिघडायचा."

मी शिडीवर चढले. त्यांनी शिडी धरली, दोन्ही हातांनी, घट्ट. भोक मी पाडलं. अगदी सरळ पाडलं.