जळकोटकडच्या हापशीवरचं शेवाळ

लातूर जिल्हा नवा झाला आणि मला वाटलं, आता आपलंही नाव लागणार. नव्या जिल्ह्यात काहीही सापडलं तरी ते पहिलंच की! मी पंचशीला, कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणारी. शोधायला विषय काय घेतला? शेवाळं! अन् साल कोणतं? तर प्यायच्या पाण्याला टँकर पुरत नव्हता, ते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो मीच.

माझी आई, सरजाबाई, म्हणायची, "बाई, एवढं शिकलीस अन् लोकांच्या मोरीतलं हिरवं खरडायलीस?" लहानपणी ती जळकोटकडच्याच एका विहिरीवर रिकामी घागर घेऊन ताटकळत बसायची. आमच्या जातीच्या लोकांनी विहिरीला हात लावायचा नाही; कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. हे ती फारसं बोलायची नाही, पण सांडलेलं पाणी दिसलं की तिचा जीव कळवळायचा.

त्याच भागातल्या एका वाडीत हापशी होती, दम खाऊन खाऊन पाणी देणारी. तिच्या फरशीच्या भेगेत मला रिक्सिया दिसली. शेवाळाच्या भावकीतली, नाण्याएवढी चपटी हिरवी चकती. वाकून बघायला गेले अन् सटकन् घसरले. पडल्यापडल्याच ओरडले, "सापडली!" हापशीवरच्या बायांना वाटलं, नाकातली फुली सापडली.

तिथल्या एका वरच्या जातीच्या शेतकरी घरातल्या कस्तुराबाईंनी मला उठवलं, हळद लावली. "लई लागलं का वं बाई?"

"न्हाई. महिन्यानं याच वारी परत येते," मी म्हटलं. कशाला, ते सांगितलं नाही. बीजाणू पिकल्याशिवाय ती नेमकी कोणती रिक्सिया ते ठरत नाही, आणि तोवर उदगीरच्या एखाद्या मास्तरानं पळवली तर? एवढी मी हुशार.

महिन्यानं गेले, तर फरशी लख्ख! भेगासुद्धा खरडून साफ. कस्तुराबाई दारातूनच सांगत आल्या, "मागं पडलात न्हवं? तुम्ही येणार म्हणून सकाळीच राखेनं घासली. हापशी कोरडी, मग घरातली घागर ओतली. आता बिनघोर चाला."

अगं बाई गं! जिल्ह्यातली माझी पहिली नोंद त्या घागरीबरोबर वाहून गेली होती. रागानं फटकन् बोलणार होते. पण त्यांची राखेनं भरलेली बोटं दिसली, आणि मी त्या फरशीवरून चालून दाखवलं.

घरी आईनं विचारलं, "गावलं का तुझं शेवाळ?"

"न्हाई. धुऊन टाकलं. मी घसरू नये म्हणून."

"कुणी?"

"कस्तुराबाईंनी. घरची घागर ओतून."

आई उठत होती ती खाली बसली. "प्यायच्या पाण्याची? तुझ्या पायासाठी?"

"हाव."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "पुढच्या बारीला मला बी ने. त्या फरशीवरून एकदा चालून येते."