ओटीवरच्या लाद्या

जुन्या इमारतींचं लाकूड तपासणं हे माझं काम. नवरा गेल्यावर वर्षभर मी ते बाजूला ठेवलं होतं. परत सुरुवात झाली ती नवी मुंबईतल्या सीवूड्सहून रिक्षाने जाता येईल अशा एका गावठाणातल्या घरापासून. घर एका कोकणी मुसलमान कुटुंबाचं, सगळं सागवानी. थोरला भाऊ नुकताच वारला होता. धाकट्याने मला बोलावलं, कारण ओटीचा एक खांब बुडाशी मऊ लागत होता. खांब गेले असतील तर घर बिल्डरला द्यायचं, असं त्याच्या मुलांनी ठरवून टाकलं होतं.

“वाळवीच असनार, मॅडम. दोनदा औषध मारलं,” तो म्हणाला.

मी हातोडीने खांब वरून खाली वाजवत आले. वर आवाज भरीव होता, गुडघ्याखाली बसका झाला. बुडाशी टोचा लावला तर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आलेला भुसा काळपट आणि ओला होता, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येणारा. वाळवीच्या मातीच्या रेघा कुठेच नव्हत्या. लाकूड ओलीने कुजलं होतं.

असे खांब दगडी तळखड्यावर उभे करतात, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही. इथे तळखडे दिसतच नव्हते. बाहेरचा रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत गेला, पावसाचं पाणी आत येऊ लागलं, तेव्हा थोरल्याने भराव टाकून ओटी उंच केली, तळखडे त्यात गाडले गेले, आणि वर चकचकीत लाद्या बसवल्या, अगदी खांबांना भिडवून. शिवाय दर ईदला खांबांवर ऑइलपेंट. आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाटच उरली नव्हती.

बाकीचे खांब पाहून मी म्हटलं, “सगळे वाचतील. कुजलेलं बूड कापून नवा साग सांधायचा. पण लाद्या फोडाव्या लागतील.”

तो लाद्यांकडे बघत म्हणाला, “भावाने एकेक स्वतः निवडून आनलेली. भाभी अजून इद्दतमध्ये हाय. तिला हे आमी कसं विचारनार?”

नवऱ्यामागे बाईने घरात काढायचे ते महिने. परपुरुषासमोर ती येत नाही. मला आत जाता येत होतं, म्हणून मी गेले.

ती पलंगावर बसून तांदूळ निवडत होती. मी खांबाचं सांगितलं, ओल अडकल्याचं सांगितलं.

“म्हंजे त्यांच्या लाद्यांमुळंच ना?”

“हो,” मी म्हटलं. “घरात पाणी येऊ नये म्हणून घातल्या होत्या त्यांनी.”

तिने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग विचारलं, “तुमचे मालक?”

“गेल्या वर्षी.”

“त्यांचं काय ठेवलंत?”

“पुस्तकं. सगळीच.”

“वाचता?”

“अजून नाही.”

तिने मान हलवली आणि दारावरच्या पडद्याकडे तोंड करून, पलीकडे उभ्या दिराला ऐकू जाईल असा आवाज चढवला. “भाई, ऐकताय ना? फोडा. त्या लाद्यांवरून मी दोनदा आपटले, तेव्हा तुमचे भाऊ हसत होते.”

“भाभी, एखादी तरी ठेवतो.”

“घर ठेवा. मिस्त्री मात्र माझी इद्दत संपल्यावर. तवर टेकू लावा.”

मी बाहेर आले. तोवर टेकूवर निभेल का, असं त्याने हळूच विचारलं. निभेल, म्हटलं. त्याने तिथेच उभं राहून मुलाला फोन लावला आणि बिल्डरला नको म्हणून कळवायला सांगितलं.