घासून काढलेली पाटी
समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, लिंबाच्या वासाच्या भांड्याच्या साबणाला आमच्या घरात कायमची बंदी आहे. तो वास आला की मला पेणच्या कॉलेजातली आमची प्रयोगशाळा आठवते. जहाजांच्या बुडाला चिकटून परदेशातले ब्रायोझोआ, म्हणजे जाळीसारखी वस्ती करणारे इवलेसे जीव, आपल्या खाडीत येतात का, हे बघायला मी डोलवीच्या जेटीजवळ पाण्यात पाट्या बुडवल्या होत्या. आठ महिन्यांनी एकीवर अनोळखी जाळी धरली. एकुलता एक पुरावा! तपासणी समिती येणार म्हणून प्रयोगशाळेत आणून ठेवलेली ती पाटी शिपाईमामांनी लिंबाच्या साबणाने घासून लख्ख केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, ते परदेशातून आलेले प्राणी होते!" मी समितीसमोरच किंचाळलो. मामाही भडकले, "बाहेरचे व्हते ना? मग हाकलले तर वरडता कशाला?"