बहिणीला काळी, स्वतःला हिरवी

मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात त्याला सगळे टर्मिनल म्हणायचे. कारण कधीही बघा, याच्या लॅपटॉपचा स्क्रीन काळा आणि त्यावर टर्मिनलची, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीची, पांढरी अक्षरं पळतायत. लॅपटॉपच्या पाठीवर आर्च लिनक्सचं निळं स्टिकर. लिनक्स म्हणजे कम्प्युटर चालवणारी फुकटची सिस्टीम, आणि तिचे प्रकार ढीगभर. कुणी विचारलं, लिनक्स टाकायचंय, कुठलं घेऊ, की हा खुर्ची फिरवून सुरू.

"उबुंटू? शाळेची बस आहे ती. मिंट? रिटायर झालेल्यांसाठी. डेबियन चांगलं, पण झोपाळू. अंगात दम असेल तर आर्च. स्वतः जोडायचं, स्वतः चालवायचं."

आणि लॅपटॉपमध्ये काय होतं? मिंट. आर्च त्यानं वापरलं होतं, ते खोटं नाही. पण दिवसभर लोकांचे फोन दुरुस्त करायचे आणि घरी येऊन स्वतःचं वायफाय दुरुस्त करत बसायचं, याचा त्याला वीट आला. एका रविवारी गुपचूप मिंट टाकलं. सगळं पहिल्या झटक्यात चाललं. स्टिकर तेवढं राहिलं. दुकानात निघण्याआधी तो टर्मिनल स्क्रीनभर पसरून ठेवायचा, मागचं मिंटचं हिरवं चित्र कुणाला दिसू नये म्हणून.

इतपत चाललं असतं. फुशारकीनं कुणाचं काय जातं? पण त्यात ताई सापडली.

ताई त्याची मोठी बहीण. कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर तिला एका वकीलबाईंचं काम मिळालं होतं. लोकांच्या जबान्या रेकॉर्ड केलेल्या असायच्या, त्या ऐकून टाइप करायच्या. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. वकीलबाई म्हणाल्या होत्या, आधी थोडे दिवस बघू, जमलं तर कायमचं देते. ताईचा कम्प्युटर म्हातारा, रांगत चालायचा. तिनं भावाला विचारलं.

त्यानं मोबाईलवर एकेका लिनक्सच्या स्क्रीनचे फोटो दाखवले. ताईनं लगेच मिंटवर बोट ठेवलं. "ही हिरवी बरी वाटते रे. साधी आहे."

"ताई, ती म्हाताऱ्यांची! तू टर्मिनलची बहीण. पोरं हसतील मला."

"मला काय कळतंय त्यातलं? तू टाकशील ती."

टाकलं आर्च. दुकानातल्या पोरांना फोटोही पाठवला: माझी बहीणसुद्धा आर्चवर. एक आठवडा ठीक गेला. मग पेडल अडायला लागलं. जेवायच्या सुट्टीत घाईघाईनं येऊन त्यानं पेडल चालवणारं तेवढं एक पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक तुकडा, नवं ओढलं, बाकी सगळं जुनंच ठेवलं. आर्चमध्ये अपडेट करायचं तर सगळंच करायचं, अर्धवट नाही, नाहीतर मशीन बसतं, हे तोच दुकानात पोरांना ओरडून शिकवायचा. पण दुकान उघडायचं होतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन. "अरे, नुसता काळा स्क्रीन येतोय. दुपारी द्यायचंय काम."

आणि हा पहिल्यांदा काय बोलला? "तू काय दाबलंस?"

 ताई हळूच म्हणाली, "दाबलं असेल काहीतरी."

तो पोचला तर ती वकीलबाईंशी फोनवर बोलत होती. "नाही हो मॅडम, मशीनचं काही नाही, माझ्याच हातून झालं. भाऊ आलाय, तो हुशार आहे, करतो नीट." तो दारात तसाच उभा. पायात बूट, खांद्याला बॅग. आपल्याच अर्धवट अपडेटनं हे झालंय, ते त्याला जिन्यातच कळलं होतं.

"हे सुधारायला वेळ लागेल," तो म्हणाला.

"मग तुझा लॅपटॉप दे. पेन ड्राइव्हवर आहे सगळं."

द्यावाच लागला. स्क्रीनभर टर्मिनल होतं. ताईला ते काही कळेना. तिनं कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं आणि मागून हिरवी मिंट समोर आली. ताईनं ते पाहिलं. मग लॅपटॉप थोडा वळवून पाठीवरचं स्टिकर पाहिलं. मग त्याच्याकडे.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हेडफोन चढवला, पेडल जोडलं. पेडल चाललं. दुपारपर्यंत ती टाइप करत राहिली आणि तो पलंगाच्या कडेला नखं खात बसला. पाणी नेऊन दिलं, तर तिनं न बघता घेतलं.

काम पाठवून तिनं हेडफोन काढला.

"स्वतःला ही ठेवलीस?"

"हो."

"आणि मला ती?"

तो पाठीवरच्या स्टिकरची कड नखानं खरवडायला लागला.

"मला वाटलं मीच अडाणी. पेडल अडायला लागल्यापासून वाटतंय."

 "फोन दे," तो म्हणाला, आणि वकीलबाईंना स्वतः लावला. "मॅडम, सकाळी ताईचं काही चुकलं नव्हतं. मीच अर्धवट काम करून ठेवलं होतं. आणि मीच तिला म्हटलं, तू काय दाबलंस."

पलीकडून थंड आवाज आला. "काम नीट आलंय. ती फार चांगलं टाइप करते. तुम्ही तिच्या मशीनपासून लांब राहा."

"हो," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

रविवारी तो तीन पेन ड्राइव्ह घेऊन आला. मिंट, फेडोरा, डेबियन. आत काही न टाकता नुसतं लावून बघता येतं. हे त्याला पहिल्या दिवशीही माहीत होतं. ताई तिन्हींवर बसली, प्रत्येकावर एक जबानी टाइप केली, पेडल दाबून सोडून बघितलं. मग डेबियनवर थांबली.

"ही टाक. अक्षरं नीट दिसतात, आणि उगाच काही उसळून वर येत नाही."

झोपाळू, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ताई त्याच्याकडेच बघत होती.

"बोल की," ती म्हणाली.

"काही नाही," म्हणत त्यानं मान खाली घातली, आणि तिनं सांगितलेली टाकायला बसला.