खिंडीच्या अलीकडून

संघमित्रा हिवराळे जुईनगरला आईबरोबर राहते आणि महाप्याच्या एका पॅकेजिंग कंपनीत डिस्पॅच सांभाळते. तिचे वडील धर्मराज हिंगोलीकडचं गाव सोडून कारखान्यांच्या याच पट्ट्यात मशीनवर कामाला लागले, इथंच रिटायर झाले आणि फार दिवस विश्रांती न घेता गेले. संघमित्राने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायचं नातेवाइकांनी आता सोडून दिलंय.

तिशी उलटल्यावर ऑफिसच्या सहलीत ती पहिल्यांदा गड चढली. बाकीचे वर पोचून फोटो काढत होते तेव्हा ती अर्ध्या वाटेत दगडावर बसून धापा टाकत होती. तरी घरी आली ती पुन्हा जायचं ठरवूनच. मग वाशीच्या एका ट्रेकिंग ग्रुपची तिला माहिती मिळाली आणि सुटीचे दिवस सह्याद्रीत जायला लागले. आईला, काशीबाईंना, हे कधी पटलं नाही.

"आम्ही डोंगरातून लाकडाच्या मोळ्या वाहिल्या, पोटासाठी," त्या म्हणायच्या. "काय ठिवलंय त्या डोंगरात? तिथून सुटायचं म्हणून तर हितं आलो."

 डोंगरात संघमित्राला कुणी काही विचारत नसे, एवढंच तिला सांगता आलं असतं, पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं.

हिमाचलातल्या पिन-भाबा खिंडीचा बेत ठरला तेव्हा तिला चाळिसावं लागलं होतं. किन्नौरच्या हिरव्या बाजूने चढायचं, खिंड ओलांडायची आणि स्पितीच्या उघड्याबोडक्या बाजूला उतरायचं. वाटेत गाव नाही, फोन लागत नाही, मुक्काम तंबूत. ग्रुपचा लीडर रोहन. तोही महाप्यालाच नोकरी करणारा, पण डोंगराचं रीतसर शिक्षण घेतलेला. त्याने निम्म्या लोकांना नाही म्हटलं, संघमित्राला हो म्हटलं. आधीचे कित्येक महिने ती पाठीवर तांदळाची पिशवी बांधून पारसिक हिलचा रस्ता चढत-उतरत होती. आपल्याला कुणीतरी मोजून-मापून निवडलं, याचा तिला मनातून फार आनंद झाला.

त्याच ग्रुपमध्ये पंढरी मढवी होते. जुईनगरच्या बाजूच्याच जुन्या गावातले, साठीला आलेले, अंगाने काटक. तरुणपणी ट्रक चालवला, पुढे स्वतःचे दोन ट्रक घेतले, आता सगळं मुलगा केतन बघतो. कमी बोलायचे. पण पहिल्या मुक्कामाला चहा पिताना त्यांनी तिला विचारलं, "तू जुईनगरला रहतेस ना, कुठल्या बिल्डिंगीत?"

तिने सांगितलं.

"तिथं आमचा मिठागर होता," ते म्हणाले. "आये मीठ ओढायची. आमी पोरं राशीपाशी बसाचो."

एवढंच बोलून त्यांनी कप विसळला. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण आपण जिथं झोपतो-उठतो तिथं या माणसाची आई उन्हात उभी असायची, हे संघमित्राला पहिल्यांदाच कळत होतं. दुसऱ्या दिवशी चालताना ती आपोआप त्यांच्या जवळपास राहिली.

वाट देवदारांतून वर आली, मग झाडं संपली आणि कारा नावाचं मोठं कुरण लागलं. पाण्याच्या अनेक धारांनी ते चिरलेलं होतं. धारा अनवाणी ओलांडाव्या लागत. पाणी इतकं गार की पाय आपले वाटेनासे होत. कारानंतर चढ उभा झाला. जुलै लागला तरी उतारांवर बर्फाचे पट्टे होते. खिंडीच्या आधीचा शेवटचा तळ एका ओसाड, दगडी वाटीसारख्या जागेत होता. सगळे दुपारी तिथं पोचले. पंढरीकाका मागाहून आले, सगळ्यांच्या शेवटी.

ते आल्या आल्या दगडावर बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. संघमित्रा समोरच होती. बराच वेळ ते नाडी नुसती बोटांत धरून बसले होते. मग रोहन पाण्याची बाटली घेऊन आला तेव्हा ते त्याला म्हणाले, "केतन, गाडीची चावी कुठं ठेवलीस?"

रोहनचा चेहरा बदलला. त्याने त्यांना उभं केलं आणि सरळ रेषेत चालायला सांगितलं. दोन पावलांत ते कलंडले. संघमित्राने धरलं नसतं तर दगडावर पडले असते.

"डोकं किती दिवस दुखतंय काका?"

"मना काय झाला नाय."

त्यांच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात डोकेदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. परत पाठवतील या भीतीने त्यांनी दुखणं लपवलं होतं. रोहनने त्यांना जवळचं औषध दिलं, पण हे नुसतं वेळ काढणं आहे, हे त्याने सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. उंचीवरच्या विरळ हवेने मेंदूला सूज यायला लागली होती. उजेड आहे तोवर त्यांना खाली न्यायला हवं होतं. उद्या पहाटे बाकीच्यांना घेऊन खिंड ओलांडायची, तर रोहन आणि मुख्य वाटाड्या यांना इथंच राहणं भाग होतं. खाली जायला दुसरा वाटाड्या होता, रणजीत. किन्नौरचाच, दणकट गडी.

"पण एकट्याने जमणार नाही," रोहन म्हणाला. "काका तोल सोडतायत. दोघं हवेत."

कुणी पुढे झालं नाही. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. प्रत्येकाने रजा काढली होती, वर्षभर तयारी केली होती, आणि खिंड समोर दिसत होती. संघमित्राही तिकडेच बघत होती. वरच्या बर्फावर ऊन पडलेलं तिला दिसत होतं. आता इथून उद्याची एकच चाल उरली होती. रोहन आपल्याला सांगणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तो दुसऱ्या कुणाला सांगेल अशी ती वाट बघत होती. मग पंढरीकाकांनी पुन्हा त्या नाडीला हात घातला.

"मी जाते," ती म्हणाली.

"नक्की?"

"परत विचारू नकोस. मी नाही म्हणेन."

रणजीतने काकांच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक स्वतःकडे घेतलं. संघमित्राने त्यांचा हात खांद्यावर घेतला. उतार दगडांचा होता आणि काका मधेच थांबत, मधेच भलतीकडे वळत. कधी ट्रकच्या क्लीनरला हाका मारत, कधी नुसते हुंकार देत. एका वळणावर बर्फाचा रुंद पट्टा आडवा आला. चढताना तो त्यांनी सहज ओलांडला होता. आता त्याच्या काठावर काका थांबले आणि पुढे पाऊल टाकेनात.

"मिठावर पाय नाय द्याचा," ते म्हणाले.

"काका, मीठ नाही. बर्फ आहे."

"रास हाय. आयेनं लावलेली रास हाय."

रणजीतने दोर ओढून बघितला. काकांनी पाय रोवले. सूर्य कड्याआड चालला होता. "दीदी, जल्दी," रणजीत म्हणाला. "ये बोल क्या रहे हैं?"

तिला ते हिंदीत सांगता आलं नाही. काका खाली बसले होते. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत एकदम ओळख आली. पण ती ओळख संघमित्राची नव्हती.

"आये," ते म्हणाले, "तू रागावलीस?"

"काका, मी संघमित्रा."

"तू बोलवलंस, मी आलो नाय. रागावलीस ना?"

लहानपणीचं काहीतरी असेल, असं तिला वाटलं. आईने जेवायला हाक मारली असेल आणि पोरगा खेळत राहिला असेल. ती त्यांच्यासमोर वाकली आणि आपल्या आईच्या आवाजात म्हणाली, "नाही रे बाळा. कशाला रागावू? ऊठ. राशीवर आज पाय दिला तर चालतंय. मी सांगते ना."

काका उठले. तिचा हात धरून त्यांनी लहान मुलासारखी, जपून पावलं टाकत तो पट्टा ओलांडला. काराचं कुरण येईपर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही. मधूनमधून "आये, हायस ना?" असं विचारत, आणि ती "आहे, आहे" म्हणत राही. कुरणात मेंढपाळांचा तळ होता. त्यांनी शेकोटीपाशी जागा दिली.

सकाळी काका शुद्धीवर होते. चहाचा पेला हातात धरून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "आपन खाली कसे आलो?" वरचा तळ, नाडी, बर्फ, त्यातलं काहीच त्यांना आठवत नव्हतं. आपल्याला खाली आणलंय एवढं कळल्यावर ते तिच्याशी बोलेनासेच झाले. पुढची वाट मेंढपाळांच्या खेचरावरून आणि मग जीपने संपली. हॉस्पिटलमध्ये केतन आणि त्याची आई गोजराबाई आले, तेव्हा संघमित्राने त्यांच्याकडे कागद-औषधं दिली आणि ती एकटी परत निघाली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती रडली. खिंडीसाठी रडत होती, हे तिने नंतर कुणापासून लपवलं नाही.

ऑफिसात लोकांनी वरचा फोटो मागितला. तिच्याकडे नव्हता.

पुढं एका रविवारी गोजराबाई चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, पिशवी घेऊन जुईनगरच्या घरी आल्या. काशीबाईंनी त्यांना आत स्वयंपाकघरातच बसवलं. दोघींनी मिळून चिंबोऱ्या साफ केल्या, सांध्यांच्या दुखण्याबद्दल बोलल्या. मग गोजराबाईंनी हात धुतले आणि संघमित्राला विचारलं, "बाय, डॉक्टर बोलला, यांची सुध गेलेली. तवा काय बोलले का कुनाचा?"

"आईला हाका मारत होते. सगळ्या वाटेने."

गोजराबाई तिच्याजवळ सरकल्या. "आयेला?"

संघमित्राने बर्फापाशी घडलेलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

मग त्यांनी सांगितलं. शहर वसवायला सरकारने जमीन घेतल्यावर मोबदल्यात जो प्लॉट मिळाला, त्याच्यावरून पंढरी आणि थोरला भाऊ शिवराम यांचं फाटलं. आई, गिरजाबाई, शिवरामकडे राहिली. त्या घराची पायरी चढणार नाही असं पंढरी बोलून बसले. दोन्ही घरं एकाच आळीत. गिरजाबाई आजारी पडल्या, तेव्हा धाकट्याला बोलवा म्हणून रोज सांगत होत्या. शिवरामने माणूस पाठवला, मग मुलगी पाठवली. पंढरी गेले नाहीत. मयत दारावरून गेली तेव्हा ते घरात दार लावून बसले होते. त्यानंतर त्यांनी आईचं नाव तोंडातून काढलं नाही.

"तू सांग यांना," गोजराबाई म्हणाल्या. "माझा नाय ऐकनार."

संघमित्राला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हाक म्हणजे जेवायची हाक, असं समजून ती बोलली होती. ज्या बाईला तिने कधी पाहिलं नाही, तिच्या वतीने तिने माफी देऊन टाकली होती. ती द्यायचा तिला काय हक्क होता? आणि शुद्ध नसताना बोललेलं त्या माणसापुढे नेऊन ठेवायचं, हे तरी बरोबर आहे का? तिने आईला विचारलं.

काशीबाई हातातली भांडी लावून आल्या. मग म्हणाल्या, "जे झालं ते सांग. आपल्या पदरचं काही घालू नको. गोडही नको अन् कडूही नको."

ती पंढरीकाकांकडे गेली. ते ओट्यावर बसले होते, वजन उतरलेलं. तिने जसंच्या तसं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "काका, ते उत्तर मी दिलं होतं. तुम्ही चालावं म्हणून. मला काही माहीत नव्हतं. तुमच्या आईंनी काय म्हटलं असतं, ते मला नाही सांगता येणार."

 "तुला कोनी बोलायला सांगितला?" असं ते म्हणाले, आणि उठून आत गेले. गोजराबाईंनी तिला पाणी दिलं. ती न पिताच निघाली.

ग्रुपमध्ये ते पुन्हा आले नाहीत. दिवाळीच्या आधी गोजराबाईंचा फोन आला. पंढरी एक दिवस काही न सांगता शिवरामच्या घरी गेले होते. भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहिले, मग खाली बसले. शिवरामने भांडण काढलं नाही आणि गळ्यातही पडला नाही. सुनेने चहा ठेवला, तो दोघांनी प्यायला. प्लॉटचा तिढा होता तिथंच आहे. पण आता दर अमावास्येला पंढरी तिथं नारळ घेऊन जातात, आणि बसून येतात.

"तुझ्यावर राग हाय यांचा अजून," गोजराबाई म्हणाल्या. "हसू नको हां. खरंच हाय."

"असू दे," संघमित्रा म्हणाली.

पुढच्या जुलैत ती पुन्हा गेली. या वेळी हवा वाईट होती. खिंडीच्या खालच्या चढावर गुडघाभर बर्फ, वारा तोंडावर, आणि दहा पावलांवर थांबावं लागत होतं. वर पोचल्यावर ढगांमुळे काही दिसलं नाही. रणजीत तिच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्याने पंढरीकाकांची चौकशी केली. ते बरे आहेत, असं तिने सांगितलं.

मग ढग जरासे फाटले आणि पलीकडची बाजू दिसली. झाड नाही, गवत नाही, नुसते तांबडे-करडे डोंगर आणि खूप खाली एक बारीक नदी. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. पण जास्त करून तिला थकवा जाणवला, आणि अजून बरंच उतरायचं आहे हे कळलं. तिने हातमोजे घट्ट केले आणि रोहनला सांगितलं, तू पुढं हो, मी शेवटच्यांबरोबर येते.