वहिनी आणि निळा दिवा

दिराच्या कंपनीत नोकरी धरल्यापासून ती सगळ्यांची वहिनी झाली. दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून हिशेबनीस म्हणू लागला, मग दारावरचा पहारेकरीही. इतकी वर्षं इलेक्ट्रॉनिक्समध्ये घासून शेवटी आपण कोणाची तरी बायको म्हणून ओळखले जातो, याची तिला मनस्वी चीड होती. पण त्याहून जास्त चीड दिराची. त्याला मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तोंड मात्र बंद होत नव्हतं.

कंपनी एक डबा बनवायची. कॅमेऱ्याचं चित्र एकाच बारीक तारेतून, प्रचंड वेगाने दूरच्या पडद्यापर्यंत पाठवणारा. चित्राचे शून्य-एक एकामागोमाग एक निघतात आणि प्रत्येकाने आपल्या ठोक्यालाच पोचायचं असतं. कोणी किंचित लवकर, कोणी किंचित उशिरा आला, की ती थरथर. वहिनीचं काम ती थरथर कमी करण्याचं. तपासणीच्या पडद्यावर हे सगळे ठोके एकमेकांवर काढले की मधोमध डोळ्यासारखा आकार दिसतो. डोळा टपोरा, तर माल चांगला. नव्या डब्याचा डोळा झोप आल्यासारखा मिटत चालला होता.

"वहिनी, ते सरासरीचं बटण दाबा ना," दीर म्हणाला. "बघा कसं स्वच्छ दिसतं."

"दिसतं, भाऊजी. सरासरी काढली की थरथर नुसती लपते, तारेत काहीच बदलत नाही."

"गिऱ्हाईक तारेत डोकावणार आहे का?"

गाढवापुढे गीता वाचायची हौस तिला नव्हती. दिराने स्वतःच बटण दाबून सरासरीचा फोटो काढला, माहितीपत्रकावर छापला आणि डबा एका नाट्यगृहाला दिला. बाहेर उभ्या राहिलेल्यांना मोठ्या पडद्यावर नाटक दिसावं, एवढीच त्यांची मागणी. पहिल्याच प्रयोगाला नायिकेच्या तोंडाचे चौकोनी तुकडे झाले. नाट्यगृहाचा तंत्रज्ञ डबा स्वतः घेऊन आला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा दुरुस्त करा, नाहीतर ठेवून घ्या."

दिराने लगेच तारेला दोष दिला. नाचता येईना अंगण वाकडं. वहिनीने मात्र थेट डब्याच्या तोंडावरच्या निळ्या दिव्याकडे बोट दाखवलं. कंपनीचं चिन्ह श्वास घेतल्यासारखं मंद-प्रखर व्हावं, ही दिराची कल्पना. त्यासाठी दिवा क्षणाक्षणाला चालू-बंद होऊन वीज ओढायचा, आणि त्याच विजेवर ठोके देणारं घड्याळ चालायचं. वीज डचमळली की ठोका हलायचा.

"एवढासा दिवा?" दीर हसला.

तिने पक्कड घेतली आणि त्याच्या डोळ्यांदेखत दिव्याची तार तोडली. पडद्यावरचा डोळा उघडला. पण अर्धाच.

तिला वाटलं होतं, दिवा गेला की सगळं सुटेल. दिराच्या मूर्खपणावर तिचा इतका भरवसा होता की दुसरीकडे बघायचं तिला सुचलंच नव्हतं. उरलेली थरथर शोधता शोधता ती घड्याळाला वीज देणाऱ्या चिमुकल्या भागापाशी पोचली. तो भाग तिनेच निवडला होता. तापत नाही म्हणून. पण तो स्वतःच सतत कुरकुरत होता, वीज डचमळवत होता. 'गाढवे,' ती स्वतःशी म्हणाली, अगदी दिराला म्हणावं तशी. तो काढून तिने जुन्या पद्धतीचा शांत भाग बसवला, तो तापेल म्हणून पाठीला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली आणि दिव्याचा संबंध कायमचा तोडला. आता डोळा टक्क उघडा झाला. तंत्रज्ञाने सबंध नाटक त्याच डब्यातून दाखवून पाहिलं आणि आणखी डबे मागवले.

पुढच्या बैठकीत दीर उभा राहिला. "दिवा काढायचा निर्णय मी घेतला. साधेपणा हेच आपलं बलस्थान." हिशेबनिसाने टाळ्या वाजवल्या. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, तसं तो बिचारा हात खाली घेऊन नाक खाजवू लागला.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "मी सोडतेय."

"अगं, पण आईला काय सांगू?"

"सांग, सून नोकरी सोडून आली. घर सोडून नाही."

"आणि त्याला?"

"त्याला काही सांगू नकोस. आठवड्याभरात त्याला तो स्वतःचाच निर्णय वाटायला लागेल."

तसंच झालं. वहिनींना आपणच विश्रांती दिली, असं दीर पाहुण्यारावळ्यांत सांगू लागला. ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यात लागली. तिथे तिला आडनावाने हाक मारत आणि तपासणीची खोली तिच्या एकटीच्या ताब्यात होती. पहिल्याच दिवशी तिथला साहेब तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत म्हणाला, "हे जरा गुळगुळीत नाही का दाखवता येणार?"

तिने खुर्ची वळवली, त्याला नीट पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि दार लावून घ्यायला सांगितलं. बाहेरून.